वाटेची जकात कोण भरणार?

नाणेघाटाची खिंड चढून माथ्यावर आलं की एक मोठा दगडी रांजण दिसतो. तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचा एक तरी फोटो असतोच. कुणी त्याला टेकून उभं, कुणी त्यावर हात ठेवून, तर कुणी चक्क आत उतरून बसलेलं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या घाटानं जुन्नरला यायचा, त्यावर इथे जकात घेतली जायची आणि नाणी या रांजणात जमा व्हायची, असं परंपरेनं सांगितलं जातं. म्हणजे वाट वापरायची तर वाटेचे पैसे मोजायचे, असा साधा हिशेब.

गेल्या डिसेंबरात मी त्या रांजणापाशी उभी होते तेव्हा हे सगळं डोक्यात नव्हतं. तेव्हा मी फोटोसाठी रांगेत होते. माझ्या पुढे अकरा जण होते.

तीन दिवसांचा ‘गाइडेड ट्रेक’ होता. पहिल्या दिवशी वैशाखऱ्याच्या बाजूनं नाणेघाट चढायचा आणि घाटघरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जीवधन, मग कुकडेश्वराचं मंदिर बघून चावंडच्या पायथ्याशी मुक्काम. तिसऱ्या दिवशी चावंड आणि शेवटी शिवनेरी. फी माणशी २,९०० रुपये. बॅच ४६ जणांची. लीडर दोन, आमच्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठे. आणि त्यांच्याबरोबर एक मामा. पोस्टरवर मामांचा उल्लेख नव्हता. ‘लोकल सपोर्ट’ असे दोन शब्द होते, बहुतेक तेच मामा.

पहिल्यांदा मामांचं बोलणं माझ्या कानावर पडलं ते नाणेघाटाच्या लेण्यात. चढून दमलेले आम्ही सावली दिसल्यावर आत घुसलो आणि भिंतीला पाठ टेकून बसलो. मामा दारातूनच म्हणाले, “ताई, भितीला पाठ नका लावू. अक्षरं हायती ती.” मी वळून पाहिलं. खरंच, ज्या भिंतीला मी घामेजलेली पाठ लावली होती, ती अख्खी अक्षरांनी भरलेली होती.

तो सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, वय साधारण दोन हजार वर्षं. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक वेळी दक्षिणा किती दिली त्याचे आकडे आहेत: गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती. भारतात अंक कसे लिहिले जायचे याचे जे सगळ्यात जुने नमुने आपल्याकडे आहेत, त्यातले काही या भिंतीवर आहेत. अकाउंट्सच्या विद्यार्थ्यांनी तर इथे नतमस्तक व्हावं. एका राणीनं कुणाला काय दिलं याचा हिशेब भररस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा कोरून ठेवलाय.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि घरातले कुमार. आता त्या प्रतिमा नाहीत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. वर कोरलेली नावं मात्र अजून वाचता येतात.

आमच्या लीडरनं हे लेणं दीड मिनिटात संपवलं. “हे शिवकालीन आहे, इथे सैनिक राहायचे,” म्हणाला आणि ड्रोन उडवायला बाहेर गेला. मामांना ब्राह्मी वाचता येत नाही. पण ते म्हणाले, “राणीनं लिहून ठिवलंय. माझा आजा सांगायचा, इथं चप्पल घालून येऊ नये.” तीन दिवसांत ऐतिहासिक म्हणावी अशी खरी माहिती मला मिळाली ती या एका वाक्यात. बाकीची मी घरी येऊन वाचली.

दुसऱ्या दिवशी जीवधन. नाणेघाटाच्या बाजूनं वर जाणारी वाट कल्याण दरवाजाची. या वाटेवरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. किल्ला पुन्हा कुणी लढवू नये म्हणून जुन्नर भागातल्या बऱ्याच किल्ल्यांची त्यांनी हीच गत केली. त्यामुळे आता एक टप्पा दोर लावून चढावा लागतो. अनुभवी माणसाला तो अवघड नाही. पण आम्ही ४६ जण होतो आणि दोर एक.

खालचा शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत तीन तास गेले. तेवढा वेळ बाकीचे अरुंद पायवाटेवर, एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी, असे ओळीनं उभे. मध्येच एक मुलगी टप्प्याच्या अर्ध्यावर थिजली. ना वर, ना खाली. पाय थरथरायला लागले. वरून लीडर ओरडत होता, “कम ऑन, यू कॅन डू इट!” खालून पंधरा जण सल्ले देत होते. मामा चप्पल काढून बाजूच्या कातळानं दोराशिवाय चढले, तिच्या पायाशी जाऊन थांबले आणि तिचा बूट हातात धरून एकेका खोबणीत ठेवत गेले. “खाली बघू नको पोरी. माझ्या हातावर पाय दे.” ती वर पोचली. टाळ्या झाल्या. रील बनला. रीलमध्ये दोर आहे, लीडर आहे, रडून हसणारी ती मुलगी आहे. मामांचा फक्त हात आहे, मनगटापर्यंत.

तो रील मीही शेअर केला. टॅग केलं ग्रुपला आणि लीडरला. मामांचं नाव मला माहीतच नव्हतं. ते मी विचारलं तिसऱ्या दिवशी, शिवनेरीच्या पायथ्याशी, बसमध्ये चढताना. त्याच वेळी विचारलं, “मामा, तीन दिवसांचे किती मिळाले?” ते आधी हसले. मग म्हणाले, “दोन हजार.” आदल्या रात्री ४६ जणांच्या सॅकमधली जड सामानाची एक जास्तीची सॅक त्यांच्याच पाठीवर होती. पहिल्या मुक्कामाला भाकऱ्या त्यांच्याच घरी झाल्या होत्या आणि त्यांच्या घरच्या बायका पहाटे तीनला उठल्या होत्या. भाकऱ्यांचे पैसे वेगळे, पण ते महिन्यानं येतात म्हणाले.

हिशेब करून बघा. ४६ गुणिले २,९०० म्हणजे १,३३,४०० रुपये. बस, जेवण, मुक्काम, विमा, साहित्य, लीडरचं मानधन हे सगळे खर्च खरे आहेत, ट्रेक ग्रुप काही दरोडा घालत नाही. पण ज्या माणसानं वाट दाखवली, ओझं वाहिलं आणि एक जीव कड्यावरून वर आणला, त्याच्या वाट्याला आमच्यापैकी प्रत्येकाचे आले जेमतेम ४४ रुपये. दोन वडापाव.

मामांचं नाव मी इथे छापत नाहीये. कारण ते स्वतःच म्हणाले, “पेपरात नको. पुढच्या सीझनला बोलावणार नाहीत.” एवढ्या एका वाक्यावरून या सगळ्या धंद्यात कुणाचं पारडं किती जड आहे ते कळतं.

आता कुणी म्हणेल, हा लीडर आणि मामांचा आपसातला व्यवहार आहे, त्यात आपण कुठे येतो? आपण येतो. कारण ‘गाइडेड’ या शब्दाचे पैसे आपण भरतो. आणि त्या शब्दात काय काय यायला हवं हे आपण कधी विचारतच नाही. बुकिंग करताना आपण काय विचारतो? पिकअप कुठून, नाश्त्याला काय, फोटो मिळणार का, आणि पाच जण आलो तर डिस्काउंट किती. स्थानिक वाटाड्या कोण, त्याला किती देता, बॅच किती मोठी, हे मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतं?

आणि याचा फटका फक्त मामांना बसत नाही, त्या लेण्यालाही बसतो. हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. लेण्यात भिंतीला टेकलेल्या ४६ जणांना हटकणारा माणूस एकच होता, आणि त्याला हटकण्याचा अधिकार कुणी दिलेला नव्हता. “ताई, पाठ नका लावू” एवढंच तो म्हणू शकत होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, लीडरनं पहिल्याच दिवशी “इथे मामा सांगतील तसं वागायचं” असं सांगितलं असतं, तर भिंतीवर टेकायची कुणाची टाप होती? नाणेघाटचं लेणं केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. पण तिथे कायदा दाखवायला चोवीस तास कोण असतं? मामा असतात.

पावसाळ्यात तर बघायलाच नको. नाणेघाटाचा उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, ती तुम्ही रील्सवर पाहिलीच असेल, किंवा तुम्ही त्या झुंबडीत असाल. तेच दिवस घाटमाथ्यावर भातलावणीचे असतात. गाड्या लागतात त्या खाचरांच्या कडेला, बाटल्या पडतात त्या खाचरांत. या गावांचं पोट भात आणि हिरडा यांवर चालतं. चार महिने धो-धो पाऊस झेलून उन्हाळ्यात पाणी जपून वापरणारी ही गावं. आम्ही ४६ जणांनी एका सकाळी गावात किती पाणी वापरलं आणि आडोशाला जाऊन काय काय टाकून आलो, त्याचा हिशेब कोणत्याही भिंतीवर कोरलेला नाही.

जरा लांब बघू. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात माचूपिचूला जाणारी ‘इंका ट्रेल’ ही जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वाटांपैकी एक. चार दिवस, साधारण ४२ किलोमीटर, सगळ्यात उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर. वाटेत इंका लोकांच्या वस्त्यांचे, पायऱ्यांच्या शेतांचे अवशेष लागतात आणि शेवटच्या दिवशी सूर्यद्वारातून माचूपिचू दिसतं. एकेकाळी तिथेही कुणीही उठून चालायला लागायचं. वाटेची दुर्दशा झाल्यावर या शतकाच्या सुरुवातीला नियम आले. आता परवानाधारक गाइडशिवाय या वाटेवर पाऊल ठेवता येत नाही. दिवसाला जास्तीत जास्त ५०० माणसं सोडतात, आणि यात गाइड आणि हमालही मोजले जातात. परवाना पासपोर्टवरच्या नावानं मिळतो, दुसऱ्याला देता येत नाही. फेब्रुवारीत पावसामुळे आणि दुरुस्तीसाठी वाट महिनाभर बंद. आणि हमालाच्या पाठीवर किती ओझं द्यायचं याला कायद्यानं मर्यादा आहे.

तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. हमालांच्या मजुरीवरून तिथेही भांडणं झाली आहेत, होतात. आणि जुनी गोष्टही आपल्याइतकीच ओळखीची आहे. १९११ साली अमेरिकेचा हायरम बिंगम माचूपिचूला पोचला आणि शोधाचं श्रेय जगानं त्याला दिलं. त्याला तिथवर नेणारा मेल्चोर आर्तेआगा हा तिथलाच शेतकरी होता, आणि त्या अवशेषांत तेव्हाही काही शेतकरी कुटुंबं राहत होती, शेती करत होती. वाट दाखवणाऱ्याचं नाव मागे पडतं, फोटोतल्या माणसाचं पुढे जातं. ही खोड तिथलीही आहे आणि आपलीही.

मग पेरूसारखे परवाने इथेही लावायचे का? माझं मत विचाराल तर नाही, निदान तसेच्या तसे नाहीत. सह्याद्री म्हणजे फक्त पर्यटनस्थळ नाही. जीवधनवर जीवाई देवी आहे, कुकडेश्वराला महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतून माणसं येतात, शिवनेरीवर शिवजयंतीला मशाली न्यायला पोरं रात्रभर धावतात. त्यांना तुम्ही कोणता परवाना विचारणार? शिवाय परवान्याची फी वाढत गेली की डोंगर फक्त पैसेवाल्यांचा होतो. एसटीनं जुन्नरला उतरून, डब्यात घरची पोळी-भाजी घेऊन किल्ला बघणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्क कुणी काढून घेऊ नये.

पण पैसे घेऊन माणसं नेणं हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायाला नियम हवेत. एकट्यादुकट्याला किंवा चार मित्रांना नाही, बॅचला. साध्या तीन गोष्टी. एक, लेणी, शिलालेख आणि दोर लागणारे टप्पे जिथे आहेत तिथे बॅचच्या संख्येला मर्यादा. ती किती असावी ते गाव, वनखातं आणि पुरातत्त्व खातं यांनी एकत्र बसून ठरवावं. दोन, प्रत्येक बॅचबरोबर त्या गावातला प्रशिक्षित वाटाड्या सक्तीचा, आणि त्याचा रोजचा दर गावानं ठरवलेला, लिहून लावलेला. तीन, ट्रेक ग्रुपनं पोस्टरवर फीबरोबर हेही छापावं: स्थानिक वाटाड्याचं नाव, त्याला दिले जाणारे पैसे. नागनिकेला दोन हजार वर्षांपूर्वी जमलं, तर आपल्याला एका इन्स्टा पोस्टमध्ये जमायला हरकत नसावी.

फी वाढेल, हे उघड आहे. माझाच ट्रेक घ्या. बॅच ४६ ऐवजी २० ची केली आणि मामांना दोन हजारांऐवजी सहा हजार दिले, तर मामांच्या नावानं प्रत्येकाचे ३०० रुपये होतात. छोट्या बॅचमुळे बस आणि लीडरचा खर्चही माणशी वाढेल. कॉलेजच्या पोरांना हे परवडणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की वर्षातून चार ट्रेक करण्याऐवजी तीन करू. चौथ्या ट्रेकचे पैसे ही त्या वाटेची जकात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात शिवनेरी आहे. जीवधन आणि चावंड नाहीत, पण ते शिवनेरीच्या अंगणातच आहेत. शिवनेरी बघायला येणारा पुढचा प्रवासी त्यांच्याकडे वळणारच, म्हणजे या वाटांवर गर्दी वाढणार. ती वाढल्यावर नियम करायचे की आधी, एवढाच प्रश्न उरतो. पेरूनं वाट खराब झाल्यावर केले.

आणि हो, हे पान सुटतं असं समजू नका. दर जूनमध्ये आम्हीच इथे ‘या पावसाळ्यात कुठे जाल?’ अशी यादी छापतो. ठिकाण, अंतर, कसं जायचं, काय खायचं. यंदा त्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढे अजून एक ओळ असावी, असं मी संपादकांना सुचवलंय: तिथल्या वाटाड्यांशी संपर्क कसा करायचा. ज्यांची हरकत नसेल त्यांची नावंसुद्धा छापू. ते तयार झालेत. यादी करायचं काम अर्थातच इंटर्नकडे आलंय.

म्हणून परवा मामांना फोन केला. म्हटलं, “मामा, आता तरी नाव छापू का?” ते म्हणाले, “माझं एकट्याचं नको. गावातल्या सगळ्यांची छापा, मग कुणाला तोडता येणार नाही.” गावात वाट दाखवणारे चौदा जण आहेत. त्यातल्या नऊ जणांनी आतापर्यंत हो म्हटलंय.

तोवर तुमच्यासाठी एकच काम. पुढचा ट्रेक बुक करताना नाश्त्याच्या आधी हे विचारा: “वाटाड्या कोण आहे आणि त्याला किती देता?” उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या ग्रुपला फोन लावा.